लांबच्या प्रवासासाठी दणकट गाडी घेताना

मे महिन्याची सुट्टी, गणपती, लग्नसराई आणि वर्षातून एकदा कुलदैवताचे दर्शन, एवढ्या कारणांनी इंदूरच्या मराठी घरातली गाडी महाराष्ट्राच्या वाटेला लागतेच. कोणाचे जेजुरी, कोणाचे तुळजापूर, कोणाचे कोकणातले गाव. पूर्वी हा प्रवास रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने व्हायचा. आता रस्ते रुंद झाले, घरोघरी गाडी आली आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र निघतात. साहजिकच नवी गाडी घ्यायची वेळ आली की "आता घ्यायची तर दणकटच घेऊ, जीपसारखी" असा सूर घरात निघतो. थार, स्कॉर्पिओ, जिम्नी, गुरखा ही नावे तरुण मुलांच्या तोंडी असतात. गुरखा तर आपल्याला शेजारची वाटते, कारण ती बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचा कारखाना आपल्या पीथमपूरलाही आहे.

पंधरा-वीस लाखांचा आणि पुढच्या दहा वर्षांचा हा निर्णय आहे. शिवाय त्या गाडीत घरातली सगळी माणसे एकाच वेळी बसणार आहेत. म्हणून दणकटपणा म्हणजे नक्की काय, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अडचणीचा ठरतो, हे आधी समजून घेतलेले बरे.

आधी रस्त्याचा हिशेब

इंदूर ते पुणे सुमारे ६०० किलोमीटर. मानपूर, गणपती घाट, खलघाटला नर्मदा, पुढे सेंधव्याजवळचा बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी. जवळजवळ सगळा रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा. ज्यांना मुंबईकडे किंवा नागपूरकडे जायचे असते, त्यांना आता समृद्धी महामार्गही आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला.

या सगळ्या वाटेवर फोर बाय फोर लागते कुठे? फार तर गावी पोचल्यावर, पावसाळ्यात, घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरच्या चिखलात. त्या दोन किलोमीटरसाठी गाडी निवडायची की आधीच्या ६०० साठी, हा खरा प्रश्न आहे. ज्यांची गावाकडे बाग किंवा शेती आहे आणि भर पावसात तिथे वरचेवर जावे लागते, त्यांचे उत्तर वेगळे येईल. वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी मात्र ६०० किलोमीटरकडे आधी पाहावे.

चासीवरची गाडी आणि एकसंध सांगाड्याची गाडी

थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी आणि गुरखा या गाड्या चासीवर बांधलेल्या आहेत. म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी. खड्ड्यात एक चाक वर आणि एक खाली असताना जो पीळ पडतो, तो ही चौकट सहज सोसते. खडकाळ वाटेवर याचा मोठा फायदा आहे. पण अशी गाडी जड असते, उंच असते आणि बहुतेकींचा मागचा अॅक्सल अखंड असतो. त्यामुळे एका बाजूचा हादरा दुसऱ्या बाजूलाही जाणवतो आणि वळणावर गाडी अधिक कलते.

टाटा सफारी (२०२१ पासूनची) आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांत वेगळी चौकट नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. अशी गाडी हायवेवर जास्त स्थिर वाटते आणि घाटात कमी झुलते. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांच्या आयांना हा फरक पहिल्याच घाटात कळतो. नव्या पद्धतीच्या सस्पेन्शनमुळे स्कॉर्पिओ-एनसारख्या चासीवरच्या गाड्या पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारल्या आहेत, हेही खरे. पण मागच्या सीटवर दहा तास बसणाऱ्याला फरक जाणवतोच.

दिसण्यावरून मात्र अंदाज बांधू नये. भारदस्त दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. सध्याची सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्स यांतही फोर बाय फोर फक्त ठरावीक डिझेल मॉडेलांत मिळते. जिम्नी आणि गुरखा मात्र सरसकट फोर बाय फोर आहेत.

फोर बाय फोर काय करते आणि काय करत नाही

वर सांगितलेल्या चासीवरच्या गाड्यांत ही सोय गरजेपुरती जोडायची असते. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल, वाळू किंवा ओले गवत आले की लिव्हर किंवा बटणाने पुढची चाकेही जोडायची. 'लो' गिअर टाकला की गाडी अगदी हळू, पण मोठ्या जोराने चढते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ही सोय जोडून गाडी चालवू नये. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान वर्तुळातून. फोर बाय फोर जोडल्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल एकाच गतीने फिरायला बांधले जातात. चिखलात चाके थोडी घसरतात, म्हणून भागते. कोरड्या रस्त्यावर त्यांना घसरायला वाव नसतो. मग स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि सगळा ताण गिअरच्या पेट्यांवर येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फोर बाय फोरमुळे गाडी निघायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. पावसात, उतारावर, समोर ट्रक अचानक थांबला तर उपयोगी पडतात ते चांगले टायर, राखलेले अंतर आणि कमी वेग. जड गाडी थांबवायला ब्रेकना कष्टही जास्त पडतात. म्हणून गणपती घाट उतरताना, गाडी कोणतीही असो, खालचा गिअर टाकून इंजिनच्या ओढीवर उतरावे. सतत ब्रेक दाबून ठेवू नये.

माणसे मोजा, मग बॅगा मोजा

शोरूममध्ये सीट मोजल्या जातात, बॅगा नाही. आपल्याकडे परतताना तर आंब्याच्या पेट्या, कोकम आणि फणसाची पोळीही असते.

तीन दारांची थार चार जणांची आहे आणि मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. साठीच्या पुढच्या माणसाला हे रोजचे जमणारे नाही. जिम्नीला पाच दारे आहेत (पाचवे मागचे), पण सीट चारच आणि डिकी २०८ लिटरची. दोघा-तिघांना ती छान. चौघे आणि आठवड्याचे सामान असेल तर अडचण. थार रॉक्स पाच जणांची आहे आणि चौकोनी कुटुंबाला पुरते. स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी रांग आहे, पण ती उघडली की मागे सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. पाच दारांच्या गुरखात सात जण बसतात, पण तिची उंची आणि डिझेल-मॅन्युअल बांधणी लक्षात घेऊन घरातल्या प्रत्येक चालकाने ती आधी चालवून पाहावी.

सामान टपावर बांधू, असे आपण सहज म्हणतो. उंच गाडीच्या टपावर वजन चढवले की तिचा तोल आणखी वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. टपावर किती वजन चालते, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापुढे जाऊ नये, आणि टपावर हलक्या वस्तूच ठेवाव्यात.

उंचीचा प्रश्न आजी-आजोबांनाही आहे. पायऱ्या, हाताला धरायला कडी आणि दार किती उघडते, हे पाहावे. धाब्यावर आणि देवस्थानाजवळ दिवसातून आठ वेळा चढ-उतार होते. गुडघे दुखणाऱ्याला दणकट गाडीचा पहिला त्रास इथेच होतो. थार, जिम्नी आणि गुरखा यांची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि ते दार बाजूला उघडते. मागे भिंत किंवा दुसरी गाडी असेल तर डिकी उघडतच नाही.

टायर

दणकट गाडीचे अर्धे रूप टायरमध्ये असते, म्हणून बरेच जण गाडी घेतल्याबरोबर जाड खाचांचे टायर बसवतात. टायर साधारण तीन प्रकारचे: हायवेचे (एच/टी), दोन्हीकडचे (ए/टी) आणि चिखलाचे (एम/टी). चिखलाच्या टायरचा आवाज डांबरी रस्त्यावर तासन् तास घुमतो, अॅव्हरेज घटतो आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी मिळते. वर्षभर हायवे आणि क्वचित कच्चा रस्ता असेल तर एच/टी उत्तम. गावाकडे वरचेवर जाणे असेल तर ए/टी. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवले की स्पीडोमीटर चुकतो, ब्रेकचे गणित बिघडते आणि विम्याचा दावा करताना प्रश्न उभे राहतात.

लांब, सरळ सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात हवा कमी असलेला टायर लवकर तापतो आणि फुटू शकतो. गाडी भरलेली असताना हवा किती हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्टेपनीसकट हवा तपासावी. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. '१८२४' म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. जुनी गाडी घेताना हे नक्की वाचावे.

सुरक्षेचे तारे नीट वाचा

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू आहे. त्याआधी ग्लोबल एनकॅपचे निकाल पाहिले जात. या चाचण्यांत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे असतात, आणि जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच दिसतो. ग्लोबल एनकॅपच्या २०२२ च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. २०२३ मध्ये सफारीला दोन्हींत पाच मिळाले. नातवंडे बरोबर असतील तर दुसरा आकडा आधी विचारावा.

प्रत्येक सीटला तीन बिंदूंचा पट्टा, लहान मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्स कड्या, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या पडदा-एअरबॅग आणि ईएससी एवढे तरी असावे. ईएससी म्हणजे वळणावर गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. उंच गाडीला तिची गरज अधिक. पैसे कमी पडत असतील तर सनरूफ सोडावे, हे सोडू नये.

मागच्या सीटवरही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की धडक बसली तर मागचा पट्टा न लावलेला माणूस पुढच्यावर जाऊन आदळतो.

पुढे लोखंडी गार्ड लावण्याची हौस टाळावी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. धडकेचा जोर शोषणारा भाग त्यामुळे निकामी होतो, एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते.

टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना न्या

शोरूमची फेरी चालवणाऱ्यापुरती आणि दहा मिनिटांची असते. तेवढ्यावर ठरवू नये. आजी-आजोबांना आणि मुलांना बरोबर न्यावे. राऊच्या पुढे हायवेवर अर्धा तास जावे. घरातल्या सर्वांत उंच माणसाने त्या वेळी मागच्या रांगेत बसावे. तिथे गुडघे कुठे येतात, एसीचा झोत पोचतो का, आवाज किती येतो आणि बोलणे पुढे ऐकू जाते का, हे पाहावे. नेहमीच्या दोन बॅगा बरोबर नेऊन सर्व सीट उघड्या असताना डिकीत ठेवून बघाव्यात. रात्री एकदा हेडलाइटचा उजेडही पाहावा. गावाच्या जवळ कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि त्या मापाचा टायर तालुक्याला मिळतो का, हेही विचारून ठेवावे.

इतके केल्यावर निवड बहुधा आपोआप होते. दोघे-तिघे, डोंगरांची हौस आणि थोडे सामान असेल तर थार किंवा जिम्नी आनंदाने घ्यावी. चौघे असतील आणि गावचा रस्ता कच्चा असेल तर थार रॉक्स पाहावी. शेतीचे काम आणि मोठे कुटुंब दोन्ही असेल तर फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन किंवा गुरखा. आणि आजी-आजोबांसह सहा जण मुख्यतः हायवेनेच जाणार असतील तर एकसंध सांगाड्याची, तीन रांगांची गाडी घ्यावी. तिने पावसाळ्यात गावच्या शेवटच्या चिखलात हात टेकले तर गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करून, सामान गावातल्या कोणाच्या ट्रॅक्टरवर टाकून दोन किलोमीटर चालत गेलेले परवडते. सहाशे किलोमीटर पाठ धरून बसणे मात्र वडीलधाऱ्यांना परवडत नाही.