मल्टिटूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कसबा बावड्यात हत्याराचं काम कधी निघेल सांगता येत नाही. राजाराम कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची बांधाबांध, नदीकाठच्या मोटारी, शिरोली एमआयडीसीत नाहीतर उद्यमनगरात पाळीला जाणाऱ्यांच्या दुचाक्या, कुठंतरी काहीतरी ढिलं होतंच. अशा वेळी पक्कड, चाकू आणि स्क्रू ड्रायव्हर एका मुठीत दुमडून ठेवणारं मल्टिटूल खरोखर उपयोगी पडतं. पण त्याविषयीच्या काही समजुती पैसे वाया घालवतात आणि बोटंही कापून घेतात.

गैरसमज : जितकी हत्यारं जास्त, तितकं मल्टिटूल चांगलं.
वस्तुस्थिती : प्रत्येक जादा पात्यानं जाडी आणि वजन वाढतं. लेदरमन कंपनीचं वेव्ह प्लस सुमारे 241 ग्रॅमचं, तर मोजकीच हत्यारं असलेलं स्केलटूल 142 ग्रॅमचं आहे. जड वाटलं की ते खिशातून ड्रॉवरमध्ये जातं, आणि नेमकं गरजेला हाताशी नसतं. आधी आठवा, गेल्या महिन्यात वाटेत काय अडलं होतं? फुलीचा स्क्रू, तार की पोत्याची सुतळी? तेवढं भागवणारं घ्या.

गैरसमज : मल्टिटूल म्हणजे भारी चाकू.
वस्तुस्थिती : 1975 साली टिम लेदरमन हे अमेरिकन गृहस्थ जुन्या फियाटमधून युरोप फिरत होते. खिशात चाकू होता, पण दुरुस्तीला पक्कड नव्हती. त्या अडचणीतून सुचलेलं त्यांचं हत्यार 1983 मध्ये बाजारात आलं. म्हणून घेताना पक्कड आधी तपासा. तोंड मिटून उजेडासमोर धरा. टोकांत फट दिसली तर बारीक तार निसटणार. मग जोरात दाबून पाहा. हँडलच्या कडा तळहाताला रुतत असतील तर ते ठेवून द्या.

गैरसमज : त्याच्या कटरनं कुठलीही तार कापता येते.
वस्तुस्थिती : सळ्या बांधायची बाइंडिंग वायर मऊ असते, ती सहज तुटते. दुचाकीच्या क्लच केबलमधली तार मात्र कडक पोलादी लडींची असते. ती कापायचीच असेल तर कटरच्या पार मुळाशी, रिव्हेटजवळ घ्या. तिथं जोर सगळ्यात जास्त मिळतो. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळली की लडी उलगडत नाहीत. उडणारा तुकडा डोळ्याकडे येणार नाही असं धरा. धारेला खाच पडली, तर ती तार त्या कटरच्या आवाक्याबाहेरची होती. रोज तारेचंच काम असेल तर बदलता येणारे कटर असलेलं मॉडेल घ्या.

गैरसमज : पक्कड आहे म्हणजे विजेचं कामही होईल.
वस्तुस्थिती : बहुतेक मल्टिटूलची हँडलं उघड्या धातूची असतात आणि घरातली वीज 230 व्होल्टची. प्लास्टिकची पकड असली तरी ती हात घसरू नये म्हणून असते, झटका अडवण्यासाठी नाही. मेन स्विच बंद करून, टेस्टरनं खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीलाही जपा: पक्कड दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर ठिणगी उडून हात भाजतो. निगेटिव्ह टोक आधी सोडा.

गैरसमज : पात्याच्या टोकानं डबा, खिळा, काहीही उचकटता येतं.
वस्तुस्थिती : पातं कापण्यासाठी कडक केलेलं असतं, आडवा जोर पडला की टोक मोडतं. लॉक नसलेल्या चाकूचं टोक रेटलं तर पातं मिटून बोटांवर येतं. उचकटायला चपटा स्क्रू ड्रायव्हर आहे, आणि पात्याला लॉक असलेलंच मल्टिटूल बरं.

गैरसमज : स्टेनलेस स्टील गंजत नाही.
वस्तुस्थिती : ते गंजतं, फक्त सावकाश. उसाचा रस सांध्यात वाळला की पाती चिकटतात, आणि पावसाळ्याची ओल तिथंच मुक्काम करते. कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करून धुवा, पूर्ण वाळवा आणि प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा.

गैरसमज : चाकू आहे, म्हणजे जवळ बाळगणं गुन्हाच.
वस्तुस्थिती : शस्त्र नियम 2016 मधली धारदार शस्त्रांची व्याख्या 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांपुरती आहे, आणि घरगुती, शेतीच्या व औद्योगिक वापराची हत्यारं त्यातून वगळली आहेत. मल्टिटूलचं पातं त्याहून बरंच लहान असतं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली बंदी आदेश निघाला की चाकूवरही निर्बंध येतो. सण-मोर्चांच्या दिवसांत ते घरीच ठेवा. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत ते चालणार नाही, चेक-इन सामानात टाका.

गैरसमज : मल्टिटूल घेतलं की टूलबॉक्स नको.
वस्तुस्थिती : पकडीनं नट फिरवला की त्याचे कोपरे घासून गोल होतात, आणि मग योग्य मापाचा पानाही त्याला धरत नाही. कोल्हापूरच्या वर्कशॉपांत काम शिकलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मल्टिटूलनं गाडी घरापर्यंत आणायची. दुरुस्ती पान्यानंच करायची.