खडखड, कुरकुर आणि जॉब कार्ड

गाडीच्या आतले किरकोळ दोष दोन जातींचे असतात. काही डोळ्यांना दिसतात, काही फक्त कानांना कळतात. दाराच्या पॅनलची कड उचललेली, ग्लोव्ह बॉक्सचे झाकण एका बाजूला तिरके बसलेले, सीटची शिवण उसवलेली, छताचे कापड मागच्या काचेपाशी सुटलेले, हे पहिल्या जातीतले. त्यांच्यावरून फारसा वाद होत नाही. फोटो काढला की निम्मे काम झाले. खरी परीक्षा आवाजांची. इंजिन ठणठणीत, ब्रेक चोख, पण डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून अधूनमधून बारीक टकटक येते आणि गाडी सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत शिरली की नेमकी थांबते. वॉरंटीच्या व्यवहारात जो दोष मेकॅनिकसमोर दाखवता येत नाही, तो नसल्यात जमा. त्यामुळे या कामाचा मोठा भाग दुरुस्तीचा नसतोच. दोष हजर करण्याचा असतो.

आवाजाचे वर्णन करायला मराठीत शब्दांची चंगळ आहे आणि हे शब्द बरेचदा कारणापर्यंत नेऊन सोडतात. टकटक किंवा खडखड म्हणजे दोन कडक वस्तू एकमेकींवर आपटत आहेत: क्लिप निसटली आहे, स्क्रू ढिला आहे किंवा वायरिंगचा कनेक्टर पत्र्याला लागतो आहे. खुळखुळ म्हणजे बंद पोकळीत काहीतरी सुटे पडले आहे, बहुधा दाराच्या आत राहिलेला स्क्रू. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत. भुणभुण इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर किंवा स्पीकरच्या जड सुरांवर उठते आणि फेरे बदलले की विरते. तिथे एखादा पातळ भाग थरथरत असतो. ‘गाडी वाजते’ एवढेच सांगण्यापेक्षा यातला नेमका शब्द सांगितला, तर शोधाची जागा एकदम आक्रसते.

कुरकुरीचे शास्त्र सारंगीच्या गजासारखे आहे. राळ लावलेला गज तारेला चिकटतो, तिला थोडा ओढतो, मग तार निसटते, पुन्हा चिकटते. प्लॅस्टिकचे दोन भाग एकमेकांना टेकून असले आणि गाडी हलताना त्यांच्यात केसभर सरकासरकी झाली, की हाच खेळ होतो. म्हणून कडक प्लॅस्टिकच्या काही जोड्या, चामड्यासारख्या आवरणाच्या दोन सीट-कडा किंवा दाराचे कोरडे पडलेले रबरी बीडिंग कुरकुरते. बीडिंगची कुरकुर पावसात अनेकदा बंद होते आणि कोरड्या हवेत परतते. आवाज ‘कधी’ येतो हे ‘कुठून’ येतो इतकेच महत्त्वाचे असते ते यामुळे.

दुसरे कारण ऊन. डॅशबोर्ड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, त्यात टाल्कची पूड मिसळलेली. हे प्लॅस्टिक तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे साधारण 0.06 ते 0.1 मिलिमीटर वाढते. पोलाद जेमतेम 0.012. सुमारे 1.4 मीटर लांबीचा डॅशबोर्ड सकाळपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला, तर तो साडेतीन ते साडेपाच मिलिमीटर वाढू पाहतो आणि त्याला धरून ठेवणारा पोलादी दांडा पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक सामावण्यासाठी पॅनलची बरीचशी छिद्रे गोल नसून लांबट ठेवतात, म्हणजे भाग सरकू शकतो. एखादा स्क्रू गरजेपेक्षा आवळला गेला की सरकण्याची वाट बंद होते. मग पॅनल फुगते, क्लिपवर ताण येतो आणि संध्याकाळी गार होताना ‘टक्’ असा एकेक आवाज होतो. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची तक्रार आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये झोपणाऱ्या गाडीची तक्रार सारखी नसते. कोकणपट्टीत आणखी एक निराळे दुखणे आढळते: बटणांवरचा किंवा हँडलवरचा मऊ पॉलियुरेथेन लेप दमट उष्ण हवेत विघटित होऊन चिकट होतो. ते मळाचे काम नसते आणि पुसून जात नाही.

वॉरंटीची पुस्तिका घेतानाच वाचणारे विरळा. भारतात नव्या गाडीची मूळ वॉरंटी बहुधा दोन ते तीन वर्षांची असते, सोबत किलोमीटरची मर्यादा, यांपैकी जे आधी संपेल ते. मात्र आतल्या सजावटीच्या भागांना कितपत संरक्षण आहे, हे बारीक अक्षरांत दडलेले असते. ‘साहित्यातील किंवा निर्मितीतील दोष’ एवढ्यालाच वॉरंटी लागू असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज, डाग, चिरा, उन्हाने उडालेला रंग यांना वगळलेले असते. अनेक पुस्तिकांत आणखी एक कलम असते: वाहनाच्या दर्जावर किंवा कार्यावर परिणाम न करणारा किंचित आवाज वा थरथर दोष मानला जाणार नाही. याच कलमाच्या आधारे ‘साहेब, या मॉडेलला असंच असतं’ हे वाक्य काउंटरवर उच्चारले जाते. ते कधीकधी खरेही असते. त्यावरचा सोपा तोडगा म्हणजे शोरूमची टेस्ट ड्राइव्हची त्याच मॉडेलची गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहणे. तिच्यात आवाज नसेल तर ‘असंच असतं’ला आधार उरत नाही. असेल, तर तक्रार एका गाडीची राहत नाही, मॉडेलची होते. मग कंपनीने त्यासाठी सर्व्हिस सेंटरांना एखादी सुधारित क्लिप किंवा फोमची पट्टी आधीच कळवली आहे का, हे विचारण्यात अर्थ असतो.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी गाडी रिकामी करणे हा पहिला उपचार, आणि आश्चर्य वाटेल इतक्या तक्रारी तिथेच मिटतात. गॉगलच्या कप्प्यातला गॉगल, दाराच्या खिशातली पाण्याची बाटली, कप होल्डरमधली नाणी, डिकीतला जॅक आणि पाना, रिकाम्या मागच्या सीटच्या बेल्टचे खांबावर आपटणारे बकल, डॅशबोर्डवर डबल टेपने बसवलेला पण उन्हाने टेप सुटलेला गणपती: यांतले काहीही गाडीच्या खात्यावर जमा होऊ शकते. शोरूमने डिलिव्हरीच्या वेळी बसवलेल्या ॲक्सेसरीज, म्हणजे सीट कव्हर, विंडो व्हायझर, जादा स्पीकर, यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यावर गाडीची वॉरंटी नसते. असलीच तर त्यांची स्वतःची, कमी मुदतीची असते. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधे कव्हर तिच्या मार्गात येते, ही बाब आवाजापेक्षा गंभीर आहे.

मग शोध. गाडी दुसऱ्याने चालवायची आणि ऐकणाऱ्याने मागच्या-पुढच्या सीटवर बसून कान लावायचा. चालवणारा स्वतः नीट ऐकू शकत नाही. खिडक्या बंद, एसीचा पंखा आणि रेडिओही बंद. गुळगुळीत डांबरी रस्ता यासाठी निरुपयोगी. पेव्हर ब्लॉकची गल्ली, रम्बलर पट्ट्या किंवा स्पीड ब्रेकरची रांग हवी आणि वेग 20 ते 40 किलोमीटरचा. कारखान्यांत यासाठी दगडी चिऱ्यांचे मुद्दाम खडबडीत ट्रॅक आणि चारही चाके हलवणारी यंत्रे असतात. मालकाला पालिकेचे रस्ते पुरतात. संशयित पॅनल तळहाताने दाबून धरले आणि आवाज थांबला, तर जागा सापडली. दोन भागांच्या फटीत जाड कागदाची घडी सरकवून किंवा कडेवर मास्किंग टेप लावूनही हीच परीक्षा होते. पोकळीतून आवाज प्रवास करतो. डॅशबोर्डमधला वाटणारा आवाज समोरच्या काचेच्या खालच्या प्लॅस्टिकमधून किंवा बॉनेटच्या बिजागरीतूनही येतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये भागांना चिमट्याने लावायचे छोटे मायक्रोफोन असतात. बाकीच्या ठिकाणी कान आणि धीर.

काउंटरवर निर्णायक कागद एकच, जॉब कार्ड. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत ‘इंटिरियर नॉइज, चेक’ असे टाइप करतो आणि संध्याकाळी गाडी ‘प्रॉब्लेम आढळला नाही’ या शेऱ्यासह धुऊन परत येते. तक्रार अशी लिहिलेली हवी: ‘मागील डाव्या दारातून टकटक, 25 ते 35 किमी वेगात, खडबडीत रस्त्यावर, गाडी तासभर उन्हात उभी राहिल्यावर, दाराचे पॅनल हाताने दाबले की थांबते.’ अशा वाक्याला ‘आढळला नाही’ म्हणणे अवघड जाते. आवाज असलेला मोबाइल व्हिडिओ जोडावा आणि गाडी सोपवण्यापूर्वी टेक्निशियनला शेजारी बसवून एक फेरी मारावी. उन्हात येणारा आवाज असेल तर सकाळी नऊची वेळ घेऊन उपयोग नाही. ॲडव्हायझरच्या अनास्थेमागे एक व्यावहारिक कारणही असते. वॉरंटीच्या कामाची मजुरी डीलरला कंपनीकडून ठरावीक वेळेच्या हिशेबाने मिळते. पॅनल काढून बसवण्याची वेळ त्या हिशेबात बसते, आवाज हुडकण्यात गेलेला अर्धा दिवस सहसा बसत नाही. जागा सांगून येणारा ग्राहक म्हणूनच वर्कशॉपला हवासा वाटतो.

दुरुस्ती पाहण्यासारखी असते. दाराचे पॅनल उघडताना आधी हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टखालचे, टोपणांमागे लपवलेले स्क्रू निघतात. मग खालच्या कडेपासून नायलॉनची चपटी पट्टी घालून एकेक क्लिप ‘पट्’ करत सोडवली जाते आणि पॅनल वर उचलून काचेच्या कडेतून मोकळे केले जाते. इथे लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरणाऱ्याचा हात ओळखता येतो: तो कडेवर नखाएवढा खळगा कायमचा ठेवून जातो. क्लिप स्वस्त असतात आणि काढताना काही तुटतातच. त्या नव्या घालायच्या असतात, पण चार तुटल्यावर दोनच घालून पॅनल थापून बसवण्याचा मोह मोठा, आणि पुढच्या तक्रारीचे बीज तिथेच पडते. पॅनलमागे पत्र्यावर चिकट काळ्या पट्टीने डकवलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. काचेवरून दारात उतरणारे पाणी हा पडदा बाहेरच्या बाजूला ठेवतो. तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर टकटक जाते आणि जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला होतो.

घासणाऱ्या जागी फेल्टची कापडी टेप, आपटणाऱ्या जागी फोम, रबराला सिलिकॉन ग्रीस, लोंबत्या वायरिंगला पट्टी; औषधे एवढीच. समोरच्या काचेलगतच्या खांबाच्या पॅनलमागे मात्र पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. तिथे फोम कोंबणे धोक्याचे, आणि तिथल्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरण्याच्या असतात. हे काम बाहेरच्या गॅरेजात करवू नये. तिथे वॉरंटीचा प्रश्नही उठतो: बाहेर उघडलेल्या भागाबद्दल नंतर जबाबदारी झटकायला कंपनीला निमित्त मिळते.

भाग बदलायचा ठरला तर डीलर फोटो पाठवून कंपनीची मंजुरी घेतो, चासी क्रमांकावरून नेमका रंग आणि पोत शोधतो आणि जुना भाग तपासणीसाठी ठेवून घेतो. दोन वर्षे ऊन खाल्लेल्या राखाडी पॅनलशेजारी नवे राखाडी पॅनल उठून दिसते. त्याला इलाज नाही. बदललेल्या भागाला बहुधा गाडीच्या उरलेल्या वॉरंटीइतकेच संरक्षण मिळते, नवी मुदत सुरू होत नाही.

गाडी परत घेताना ती चकचकीत असते आणि तोच धोका असतो. उघडलेल्या दाराच्या काचेचे, लॉकचे, आरशाचे बटण तिथेच चालवून पाहावे, कडांवर ओरखडे शोधावेत आणि सही करण्याआधी त्याच खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी. आवाज परत आला तर जुन्याच शब्दांत, ‘पुन्हा’ हा शब्द घालून, नवे जॉब कार्ड करावे. प्रत्येक कार्डाची प्रत जपावी. वॉरंटी संपायच्या आठवड्यात आलेल्या पहिल्या तक्रारीपेक्षा वर्षभरात तीनदा नोंदलेली तक्रार वेगळ्या नजरेने पाहिली जाते, आणि मुदतीत नोंदलेल्या दोषाची दुरुस्ती मुदतीनंतरही मागता येते.

तीन फेऱ्यांनंतरही काम झाले नाही तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र, तेही ईमेलने. त्यापुढे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात. अमेरिकेतल्या राज्यांसारखा ‘लेमन लॉ’ भारतात नाही. 2006 मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. डॅशबोर्डच्या टकटकीसाठी नवी गाडी मागणारा अर्ज त्यामुळे टिकणे कठीण. ठरावीक पॅनल बदलून द्यावे आणि फेऱ्यांचा खर्च मिळावा, एवढी मागणी जॉब कार्डांच्या प्रतींसह केली तर तिला बळ राहते.