डब्यातला कूट, मांडीतली सुई

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये काय किंवा आणखी कुठे काय, शाळेची मधली सुट्टी झाली की डब्यांची देवाणघेवाण ठरलेलीच. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या मात्र साबुदाणा खिचडीतला कूट जिवावर बेतू शकतो.

त्याचे शरीर दाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते. आधीच्या संपर्कात तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. प्रथिन पुन्हा आले की या पेशी हिस्टामिन ओततात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, श्वास घुसमटतो, रक्तदाब कोसळतो. हा ॲनाफिलॅक्सिस. त्यावरच्या संशोधनासाठी शार्ल रिशे यांना १९१३चे नोबेल मिळाले.

पहिले औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, तेही लगेच. ॲलर्जीची गोळी खाज शमवते, जीव वाचवत नाही. घराघरांत नेमका याबाबतच गैरसमज असतो. ब्रिटनमध्ये २०१७पासून शाळा ॲड्रेनालिनचे तयार इंजेक्शन-पेन चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवू शकतात. आपल्याकडे असे पेन सहज मिळत नाहीत.

राज्याच्या शालेय पोषण आहारात २०२३च्या अखेरीस अंडे आले होते, ते न खाणाऱ्यांना केळे मिळे. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही तेच सोयीचे होते, पण स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तसे कोणी सांगितले तर!

तेव्हा पालकहो, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा सल्ला वर्गशिक्षकांना लेखी द्या. आणि शिक्षकांनो, अशी लक्षणे दिसली तर मुलाला उभे करू नका, चालवू नका. आडवे झोपवा, दम लागत असेल तर बसवा आणि लगेच १०८ लावा.