कीटकनाशकांचे अवशेष व उपकारक कीटक : केज परिसरातील कापूस-पिकाच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची महत्त्वाची पिके होत. कापसावरील मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांच्या बंदोबस्तासाठी जी औषधे योजली जातात, त्यांचा परिणाम बहुधा मेलेल्या किडींच्या संख्येवरून अजमावला जातो. परंतु ढालकिडे, क्रायसोपा व परोपजीवी गांधीलमाशा या उपकारक कीटकांवर होणारा परिणाम पाहावयाचा, तर फवारणीच्या दिवसाची मृत्युसंख्या पुरेशी ठरत नाही. फवारणीनंतर मागे उरणारा अंशही विचारात घ्यावा लागतो.

इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही औषधे आंतरप्रवाही आहेत. बियाण्यास चोळली वा पानांवर फवारली, तरी ती वनस्पतीच्या रसात मिसळतात. कापसाच्या झाडाला फुलांखेरीज पानांच्या शिरांवरही मधुग्रंथी असतात, आणि क्रायसोपाचे प्रौढ व परोपजीवी गांधीलमाशा त्यांतील मध प्राशन करतात. अर्थात फवारा अंगावर न पडताही विष त्यांच्या पोटात जाऊ शकते.

दुसरा मार्ग याहून आडवळणाचा आहे. रसशोषक किडी जो गोड चिकट स्राव टाकतात, तो अनेक उपकारक कीटकांचे अन्न होय. स्पेनमधील संशोधकांनी २०१९ साली असे दाखवून दिले, की थायामेथोक्झाम दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणांचा स्राव खाल्ल्याने परोपजीवी गांधीलमाशी व सिर्फिड माशी या दोहोंस विषबाधा होते. ज्या किडीवर जगावयाचे तिच्याच द्वारे हे विष पोहोचते.

अवशेषाची मात्रा प्राणघातक नसली, तरी ती निरुपद्रवी ठरत नाही. भक्ष्य शोधण्याची शक्ती मंदावणे, अंडी कमी घातली जाणे व आयुर्मान घटणे हे परिणाम मृत्युसंख्येत उमटत नाहीत. शिवाय माव्याची मादी नराशिवाय पिले प्रसवते व तिची पिढी सुमारे आठवड्यात तयार होते. ढालकिड्यास अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून फवारणीतून बचावलेली कीड आपल्या शत्रूच्या आधी सावरते, आणि शेतकऱ्यास पुन्हा फवारणीचा खर्च सोसावा लागतो. अशा रीतीने एक फवारणी दुसरीस निमंत्रण देते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. प्रयोगशाळेत औषधाची सुरक्षितता ठरविताना मृत्यूबरोबरच प्रजनन व भक्षणक्षमता यांचेही मापन व्हावे, आणि ते औषध अन्नावाटे देऊनही व्हावे. शेतात मात्र फवारणी ठराविक तारखेस न करता आर्थिक नुकसानीची पातळी पाहूनच करावी. तुडतुड्यांच्या बाबतीत ही पातळी प्रतिपानी दोन ते तीन पिले इतकी मानली जाते. ही मोजणी करताना त्याच पानांवरील ढालकिडे व क्रायसोपाची अंडीही मोजली, तर फवारणी टाळता येण्याजोगी आहे किंवा नाही, याचा निर्णय अधिक साधार होईल.