ठेवीचा राखणदार कोण?

नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत चार पाट्या हमखास दिसतात : बँक, पतसंस्था, मल्टिस्टेट आणि अलीकडे शेअर ट्रेडिंगचं ऑफिस. काउंटर सारखेच, पावत्याही सारख्याच. कांद्याची पट्टी किंवा उसाचं पेमेंट घेऊन आलेला माणूस व्याजाचा दर विचारतो आणि संचालक ओळखीचा आहे ना, एवढं बघतो. पण या दारांवरचे राखणदार वेगवेगळे आहेत, आणि एका दारावर तर बहुधा कुणीच नसतो.

रोखे जाळणारा जिल्हा

पैशाच्या व्यवहारात दुबळ्याची बाजू कायद्याने घ्यावी, हा विचार या भागाला नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला भाव चढला, तशी सावकाराची थैलीही सैल झाली. युद्ध संपलं, भाव कोसळले. सरकारने शेतसारा मात्र वाढवला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर. नोंदणी नसलेला रोखा तीन वर्षांत कालबाह्य होई, म्हणून सावकार मुदत संपण्याआधी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगलीची ठिणगी पडली आणि लोण नगरच्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आलं. शेतकऱ्यांच्या जमावाचा रोख माणसांपेक्षा सावकारांच्या कागदांवर होता. रोखे हाती आले की होळी व्हायची.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावरचा आकडा ब्रह्मवाक्य न मानता मूळ कर्ज किती होतं, याचा शोध न्यायालयाने घ्यायचा. कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्याला मिळाला. हीच दिशा धरून महाराष्ट्राने २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा कायदा केला. अवैध सावकारीत पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन जिल्हा निबंधकाच्या आदेशाने परत मिळू शकते.

सहकाराचा पैसा

सावकाराला पर्याय म्हणून सहकार उभा राहिला. १९०४ मध्ये पतपेढ्यांचा कायदा झाला, १९१० मध्ये नगर अर्बन बँक निघाली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. गावात पैसा खेळू लागला, तसा तो सांभाळणाऱ्यांचा प्रश्नही आला.

१९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकली. २०१९ मध्ये पीएमसी ही सहकारी बँक अडचणीत आली आणि तिचे खातेदार रस्त्यावर आले, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाखांवर गेली. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर १९६६ पासून आहे. पण नोंदणी आणि निवडणूक सहकार खात्याकडे राहिली. दोन मालकांच्या या कारभारात चालढकलीला भरपूर जागा होती. ती बरीचशी बुजवली बँकिंग कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने.

नगर अर्बनचा शेवट या सगळ्याचा धडा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रशासक नेमला. २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन नवं संचालक मंडळ आलं आणि डिसेंबरमध्येच निर्बंध लागले : खात्यातून दहा हजारांवर रक्कम काढता येणार नाही. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी परवाना रद्द झाला. शतक ओलांडलेली बँक गेली. पाच लाखांच्या आतल्या ठेवीदाराला विम्याचा आधार होता. त्यावरची रक्कम ज्याची होती, त्याला अवसायकाच्या वसुलीकडे डोळे लावून बसावं लागलं.

विम्याचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. पाच लाख ही मर्यादा एका पावतीची नव्हे. एका व्यक्तीच्या एका बँकेतल्या सर्व शाखांमधल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, एकत्र मोजल्या जातात. निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत ही रक्कम द्यायची, असं ठेव विमा कायद्याची २०२१ ची दुरुस्ती सांगते.

जिथे विमा नाही

पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही आणि तिथे रिझर्व्ह बँकही येत नाही. राखणदार म्हणजे राज्याचा सहकार निबंधक. मल्टिस्टेट पतसंस्थेचा निबंधक तर दिल्लीत. राज्यातली पतसंस्था बुडाली तर राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं, आणि ठेवीदार संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याने मालमत्ता जप्त करून लिलाव. कागदावर वाट सरळ आहे, चालायला वर्षं लागतात.

चौथ्या दाराची कथा शेवगाव तालुक्याने भोगली. बँक वर्षाला देते तेवढं व्याज महिन्याला देऊ म्हणणारी ट्रेडिंगची दुकानं निघाली आणि कोट्यवधी घेऊन गाशा गुंडाळून गेली. दुसऱ्यांचे पैसे घेऊन शेअर बाजारात गुंतवणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. ती सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजना चालवणं हाच गुन्हा आहे. पण पहिले चार हप्ते वेळेवर आले की तक्रार कोण करतो? आणि तक्रार नसली की पोलीस ठाण्यात कागदही हलत नाही.

बाजू बदलली, कायदा मागे

१८७५ मध्ये कर्जदार नाडला जात होता आणि धनको गबर होता. आज उलट आहे. पेन्शनीतून पाच लाख ठेवणारा शिक्षकच धनको आहे, आणि त्याच्या पैशावर कर्ज उचलणारा बडा माणूस संचालकाच्या बैठकीतला. पतसंस्थेत ठेव ठेवताना अनेकांना नाममात्र सभासद करून घेतलं जातं. नाममात्र सभासदाला मतदान नाही. म्हणजे ज्याचा पैसा, त्यालाच आवाज नाही. नियामकाची तपासणी अधूनमधून येते, संचालक मंडळ बारा महिने बसलेलं असतं. ठेवीदारांचा प्रतिनिधी त्या मंडळात बसवला, मोठ्या थकबाकीदारांची यादी सभेपुढे ठेवणं बंधनकारक केलं आणि ठेव पावतीवरच 'विमा आहे' किंवा 'विमा नाही' असं ठळक छापायला लावलं, तर निम्मी राखण तिथेच होईल. इंग्रज सरकारने कर्जदाराला पासबुकाचा हक्क द्यावा, यासाठी दंगल व्हावी लागली होती. ठेवीदाराने दंगल केलेली नाही, म्हणून त्याचं काम आणखी लांबवायचं कारण नाही.