जुनी आलिशान मोटार आणि वॉरंटीचा कागद : घेण्यापूर्वी काय पाहावे?



ऊस विकास विभागाने मोटारीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण बिलाची रक्कम खात्यावर जमा झाली की गटागटांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो : "साहेब, पन्नास लाखांची गाडी पंधरा-अठरा लाखांत मिळतेय, घेऊ का?" आडसाली लागणीचे बिल म्हणजे सोळा-अठरा महिन्यांची मेहनत. त्यातूनच सोसायटीचे कर्ज फेडायचे, ठिबकचा हप्ता द्यायचा आणि पुढची लागण उभी करायची. म्हणून या व्यवहाराची माहिती सर्वांना असावी, या हेतूने हे टिपण देत आहोत.

जुनी गाडी म्हणजे खोडवा. लागणीच्या उसाची निगा नीट राखली असेल, तर खोडवा चांगला येतो. लागणीतच हयगय झाली असेल, तर पुढे कितीही खत ओता, फुटवे विरळच राहतात. गाडीचेही तसेच आहे. तेव्हा वरचा रंग आणि कातडी गाद्या नंतर पाहा, आधी पहिल्या मालकाने निगा कशी राखली ते पाहा.

स्वस्त का मिळते?

विम्याच्या तक्त्याप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीची घट ५० टक्के धरतात. बाजारात आलिशान गाड्यांचा भाव बहुधा त्याहून जलद उतरतो. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स, हवेचे सस्पेन्शन किंवा पुढचा दिवा हा पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो. म्हणून अशा गाडीला वॉरंटी ही चैन नाही, गरज आहे.

वॉरंटीचे तीन प्रकार

पहिली कंपनीची मूळ वॉरंटी. ती साधारणपणे गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. दुसरी वाढीव वॉरंटी. पहिल्या मालकाने ती विकत घेतली असेल, तर आपल्या नावावर करून मिळते का आणि त्यासाठी किती दिवसांत अर्ज द्यायचा, हे लेखी विचारून घ्यावे. तिसरी कंपनीने स्वतः तपासून विकलेल्या जुन्या गाडीवरची. 'मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड', 'बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन', 'टोयोटा यू-ट्रस्ट' या अशाच योजना आहेत. इथे भाव थोडा जास्त पडतो, पण कागद पक्का मिळतो.

व्यापारी तोंडाने "इंजिन-गिअरबॉक्सची गॅरंटी आपली" म्हणतो, ती वॉरंटी नव्हे. काय झाकले आहे, किती महिने किंवा किती किलोमीटर, एका दुरुस्तीला कमाल रक्कम किती आणि काम कोणत्या वर्कशॉपमध्ये होणार, या चार गोष्टी कागदावर नसतील तर ती वॉरंटी नाही असे समजा.

वॉरंटीत सहसा काय येत नाही तेही वाचा. ब्रेक पॅड, टायर, वायपर यांसारखे झिजणारे भाग येत नाहीत. पुराचे पाणी, उंदराने कुरतडलेल्या वायरी, भेसळीचे इंधन, बाहेरून केलेले फेरबदल हेही येत नाही. आपल्याकडे गाडी गोठ्याशेजारी उभी राहते, तेव्हा उंदराचे कलम हसण्यावारी नेऊ नये. सर्व्हिसिंग वेळेवर झाले नसेल, तरी दावा नाकारला जाऊ शकतो.

कोणती गाडी?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालवावी लागते. घर ते मळा आणि मळा ते कारखाना एवढेच फिरणे असेल, तर जाळी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. अशा सभासदाने पेट्रोल किंवा हायब्रिडचा विचार करावा. टोयोटा आपल्या नव्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी देते. कॅमरीसारखी गाडी जुनी घेताना त्या मुदतीतले किती शिल्लक आहे ते विचारावे.

पेट्रोल गाडी घेताना इथेनॉलचे पाहा. आपल्याच उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीचे रबरी नळ व सील त्याला चालतात का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारावे.

बसकी गाडी सरीवरंब्याच्या वाटेला आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीला खाली टेकते. काही गाड्यांत जादा चाकच नसते. आणि अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे? शंभर-दीडशे किलोमीटर असेल, तर प्रत्येक दुरुस्तीला एक दिवस मोडला.

पाहणी कशी करावी?

१. सकाळी इंजिन गार असताना स्वतः चालू करून पाहा. गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर परत दुसऱ्या दिवशी जा.
२. सर्व्हिसिंगच्या नोंदीतले किलोमीटर आणि मीटरवरचे आकडे जुळवा.
३. टायरवर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. 'कमी चाललेल्या' गाडीला नवे टायर का, हे विचारा.
४. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, गालिचा उचला, सीटखालच्या पट्ट्या पाहा. गाळ, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली समजा. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही.
५. अधिकृत वर्कशॉपमध्ये संगणकावर तपासणी करून घ्या. कंपनीने परत बोलावलेले काही काम बाकी आहे का, तेही चेसिस नंबरवरून विचारा. तपासणीला दिलेले चार पैसे वाया जात नाहीत.

कागदपत्रे

गाडीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याचा नमुना ३५ हवा. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. परराज्यातील गाडी असेल तर नमुना २८ चे ना-हरकत पत्र हवे, शिवाय इथला कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली भागात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे त्यात फेरबदल झाले, पण तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात त्याचे हे एक कारण. कर आणि नोंदणीचा खर्च धरूनच भाव ठरवा.

ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल, हा नियम आपल्याला पाठ आहे. तसाच मोटारीचा चौदा दिवसांचा नियमही पाठ करा. राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यायचा. नाही दिला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो-क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचाच राहतो.

हा मुद्दा विकणाऱ्या सभासदांनीही लक्षात घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. "नाव नंतर करू" म्हणून किल्ली देऊ नका.

शेवटी हिशेबाचे. गाडीला जेवढी रक्कम ठरवाल, तिचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो ठेवून, सोसायटीचे कर्ज भरून आणि खोडव्याचे खत-पाणी भागवून जे उरेल, त्यात बसणारी गाडी घ्यावी. नाही बसली, तर एक हंगाम थांबावे. जुन्या गाड्यांना बाजारात तोटा नाही.

— ऊस विकास अधिकारी