१५०० तासांचा नियम नेमका काय आहे?

बारामतीत पायलटचं प्रशिक्षण घेणाऱ्या भाचीने परवा विचारलं, "मामा, अमेरिकेत १५०० तास का लागतात? आपल्याकडे तर २०० तासांत लायसन्स मिळतं!"

कारण आहे २००९ चा बफेलोजवळचा कोल्गन एअरचा अपघात. त्यात ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि कायदा बदलला. २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास उड्डाणाचा अनुभव लागतो. पूर्वी २५० पुरायचे. लष्करी वैमानिकांना ७५० तासांची सवलत आहे.

त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास मात्र १५०० पेक्षा जास्तच होते! म्हणून या नियमावर आजही वाद आहे.

परिणाम? लायसन्स मिळाल्यावर तिथली मुलं बहुधा इन्स्ट्रक्टर होऊन, छोट्या सेसनामध्ये विद्यार्थ्यांशेजारी बसून तास जमवतात. एअरलाइनची नोकरी लांबते, कर्जाचे हप्ते चालूच राहतात.

आपल्याकडे २०० तासांनंतर टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण) करून थेट एअरबसचा को-पायलट होता येतं. कॅप्टन होण्यासाठीच्या एटीपीएल या लायसन्सला मात्र इथेही १५०० तास लागतात.

माझ्या मते नुसत्या तासांपेक्षा प्रशिक्षणाचा दर्जा महत्त्वाचा.